हेमेटची जर्दाळू आणि ‘सुखवस्तू’ कोरियन

कोरियाचा स्वातंत्र्यदिनही १५ ऑगस्टलाच असतो. त्यामुळे दर पावसाळ्यात एक फॉरवर्ड न चुकता येतो. त्यातला मजकूर थोडक्यात असा: कोरियाला स्वातंत्र्य आयतं मिळालं, १९४५ साली जपान हरला म्हणून. अमेरिकेत गेलेले कोरियन पैसेवाले होते, तिथे सुरक्षित बसून देशभक्तीच्या गप्पा मारत होते. आणि जे काय केलं ते एकट्या सिंगमन री यांनी, म्हणजे पुढे दक्षिण कोरियाचे पहिले अध्यक्ष झाले त्यांनी.

आधी ‘पैसेवाले’ पाहू. १३ जानेवारी १९०३ रोजी ‘गेलिक’ नावाचं जहाज होनोलुलूला लागलं आणि शंभरेक कोरियन उतरले. १९०५ मध्ये ही वाट बंद होईपर्यंत सात हजारांहून जास्त लोक हवाईत पोचले होते. कशासाठी? ऊस तोडायला. दिवसाचे दहा तास, आठवड्याचे सहा दिवस, महिन्याकाठी सोळा डॉलरच्या आसपास मजुरी, डोक्यावर मुकादम. त्यातले काही पुढे कॅलिफोर्नियात संत्री तोडायला आणि भातशेतीवर राबायला गेले. कोरियन स्वातंत्र्य चळवळीचे मोठे नेते आन चांगहो स्वतः रिव्हरसाइडच्या बागांमध्ये संत्री तोडत. एक संत्रं नीट तोडणं हीसुद्धा देशसेवाच, असं ते सोबत्यांना सांगत, म्हणतात.

आता ‘सुरक्षित’. आशियाई माणसाला तिथे नागरिकत्व नव्हतं. कोरियनांना ते १९५२ पर्यंत मिळालं नाही. १९१३ च्या कायद्याने कॅलिफोर्नियात जमीन घेण्याचीही सोय गेली. १९१० मध्ये जपानने कोरिया गिळला होता, म्हणजे कागदोपत्री हे सगळे जपानचे प्रजाजन. जून १९१३ मध्ये हेमेट गावी जर्दाळू तोडायला गेलेल्या अकरा कोरियन मजुरांना जमावाने जपानी समजून हुसकावून लावलं. जपानी वकिलात लगेच पुढे सरसावली: आमची माणसं आहेत, भरपाई आम्ही मागतो. अशा वेळी कुणीही ती मदत घेतली असती. पण कोरियन नॅशनल असोसिएशन या तिथल्या कोरियनांच्या संघटनेने अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री ब्रायन यांना तार केली की आम्ही जपानचे प्रजाजन नाही, आमच्याबद्दल जपानशी बोलू नका. ब्रायननी ते मानलं आणि यापुढे कोरियनांचे प्रश्न याच संघटनेशी बोलून सोडवू, असं कळवलं. ज्यांच्या देशाचं नाव नकाशावरून पुसलं होतं, त्या मजुरांच्या संघटनेला अमेरिकन सरकारकडून मिळालेली ही दाद होती. पूर्ण मान्यता नव्हे, पण जपानी वकिलातीच्या डोळ्यांत खुपावी एवढी नक्कीच.

(त्याच वर्षी, त्याच पश्चिम किनाऱ्यावर, आपल्या वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे गदर या भारतीय क्रांतिकारकांच्या चळवळीच्या कामात होते. त्यांना कुणी ‘सुरक्षित बसलेले’ म्हटलं तर आपण ऐकून घेऊ का?)

‘नुसत्या गप्पा’? १९०८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जपानची तळी उचलणाऱ्या डरहॅम स्टीव्हन्स या अमेरिकन मुत्सद्द्यावर दोन कोरियनांनी हल्ला केला. चांग इनह्वानच्या गोळ्यांनी तो मेला आणि चांगने त्याची शिक्षा तुरुंगात भोगली. मला तो मार्ग पटत नाही, पण त्याला गप्पा म्हणता येणार नाही. पाक योंगमान यांनी नेब्रास्कात तरुणांना लष्करी शिक्षण देणारी शाळा काढली. १९२० मध्ये कॅलिफोर्नियातल्या विलोज इथे वैमानिक तयार करायला शाळा निघाली, तिला पैसा पुरवला भातशेतीवर वर आलेल्या किम जोंगनिमने. त्याच वर्षीच्या पुरात भात गेलं, आणि पाठोपाठ शाळाही.

‘एकटे री’ हे तर साफ चूक. एप्रिल १९१९ मध्ये फिलाडेल्फियात भरलेल्या कोरियन काँग्रेसचे सूत्रधार होते सो जेपिल. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या डिनुबा गावात कोरियन बायकांनी स्वतःची देशभक्त संघटना उभी केली आणि घरखर्चाला चाट देऊन पैसा जमवला. रींचं कर्तृत्व नाकारायचं कारण नाही, पण पाक योंगमानशी त्यांचं जे वितुष्ट आलं त्याने हवाईतली संघटना उभी चिरली, आणि १९२५ मध्ये परागंदा कोरियनांनी शांघायमध्ये स्थापलेल्या हंगामी सरकारनेच त्यांना अध्यक्षपदावरून काढलं. फॉरवर्डमध्ये हे कसं येणार!

राहिलं ‘आयतं’. जपान युद्धात हरला म्हणूनच १५ ऑगस्ट उजाडला, हे खरंच आहे. पण तोवर शांघायचं हंगामी सरकार तगलं कशावर? घरभाडं द्यायची भ्रांत होती तेव्हा त्या सरकारचे नेते किम गू अमेरिकेतल्या आणि हवाईतल्या कोरियनांना पत्रं लिहीत, आणि तिकडून डॉलर येत. जानेवारी १९३२ मध्ये टोकियोत सम्राटाच्या ताफ्यावर बॉम्ब टाकणाऱ्या ली बोंगचांगच्या मोहिमेला हवाईहून आलेला पैसा लागला होता. एप्रिलमध्ये शांघायच्या होंगक्यू बागेत यून बोंगगिलने दुसरा बॉम्ब टाकला. त्यानंतर जी धरपकड झाली, तीत रिव्हरसाइडला संत्री तोडणारे आन चांगहो सापडले. कोरियात नेऊन त्यांना तुरुंगात टाकलं, सोडलं, पुन्हा पकडलं. १० मार्च १९३८ रोजी ते सोलमध्ये वारले, तेव्हा बायको आणि मुलं लॉस एंजेलिसमध्ये होती.