नुसत्या आडव्या रेघा म्हणजे जुना टीव्ही नव्हे

लेखात म्हटलंय की एक्सस्क्रीनसेव्हर या स्क्रीनसेव्हरच्या संग्रहातला पाँग म्हणजे १९७२ च्या अटारीच्या चेंडू-बॅटच्या गेमवर जुन्या टीव्हीसारख्या आडव्या रेघांचा फिल्टर मारलाय, हे पटलं नाही. त्यातला टीव्हीचा भाग ट्रेव्हर ब्लॅकवेल या प्रोग्रामरने लिहिलाय आणि तो चित्रावर रेघा ओढत नाही, आधी टीव्हीचा ॲनालॉग सिग्नलच बनवतो आणि मग तो सिग्नल टीव्ही जसा पकडेल तसं चित्र काढतो. म्हणून तर त्या पांढऱ्या बॅटच्या कडा थोड्या पसरतात, मागे मुंग्या वळवळतात आणि चित्र मध्येच हलतं, वरून चिकटवलेल्या रेघांना हे कुठून जमणार!

आमच्याकडे दूरदर्शनच्या काळात दादा गच्चीवर ॲंटेना फिरवायचा, मी खिडकीतून ओरडायचे "आलं आलं, अरे गेलं परत", तेव्हा माणसाशेजारी त्याचीच फिकट सावली दिसायची ना, सिग्नल बिघडला की चित्र कसं बिघडतं ते तेव्हापासून डोळ्यांत बसलंय आणि इथे अगदी तसंच दिसतं. आणि लेखात क्लॉक मोडचा उल्लेखच नाही, त्यात स्कोअरच्या जागी तास आणि मिनिटं दिसतात, मी ऑफिसात तोच लावलाय.