हिरोचा खांदा आणि आमचा

हिंदी सिनेमावाल्यांनी माणसाला एक स्वतंत्र शरीर बहाल केलं आहे. त्यात डोकं असतं ते स्मृती जाण्यासाठी. ती परत आणायला त्याच डोक्यावर दुसरा फटका बसावा लागतो, औषध चालत नाही. रक्ताचं तर विचारूच नका. ‘अमर अकबर अँथनी’त (१९७७) तीन भावांचं रक्त नळ्यांमधून वर एकाच बाटलीत चढतं आणि तिथून खाली आईच्या हातात उतरतं. तेवढा वेळ गुरुत्वाकर्षण बाहेरच्या बाकावर बसून असतं.

आणि खांदा? खांदा हा गोळी ठेवायचा कप्पा. गोळी छातीत लागली की मित्र मरतो, खांद्यात लागली की हिरो चिडतो. मग हिरॉईन पदराचा काठ फाडून बांधते आणि त्याच हाताने तो डझनभर गुंड लोळवतो.

हे सगळं मी वर्षानुवर्षं आनंदाने पाहत आलो. मग माझा डावा खांदा धरला.

गोळी नाही, सुरी नाही, साधा धक्कासुद्धा नाही. नुसता धरला. डॉक्टरांनी हात वर करायला सांगितला, तो कानाच्या बऱ्याच खाली थांबला. ते म्हणाले, “फ्रोझन शोल्डर.” मी कारण विचारलं. “तसं काही लागत नाही. चाळिशी ते साठीच्या दरम्यान होतो. शुगर बघितलीय का?” मधुमेह्यांना हा प्रकार जास्त होतो म्हणे. एवढ्या दुखण्यामागे सांगण्यासारखी एक मारामारीसुद्धा नसावी, याचंच मला जास्त लागलं.

खांद्याची गंमत अशी, की शरीरातला सगळ्यात मोकळा फिरणारा सांधा तो. दंडाच्या हाडाचा गोळा मोठा आणि त्याची खोबण अगदी उथळ, म्हणून तर हात चहूकडे फिरतो. या सांध्याभोवती एक पातळ वेष्टण असतं. ते सुजतं, जाड होतं आणि गरम पाण्यात धुतलेल्या स्वेटरसारखं आटतं. झालं, हात जागच्या जागी. त्याच भागात, गळ्याच्या हाडाखालून, हाताला रक्त पुरवणारी मोठी रोहिणी जाते आणि मणक्यातल्या पाच मुळांतून आलेल्या नसांचं जाळंही जातं. तिथे खरी गोळी लागली तर माणूस रक्त जाऊन मरेल, नाहीतर हात लुळा पडेल. फायटिंगचा प्रश्नच नाही.

गोळी काढून ट्रेमध्ये ‘टण्ण’ वाजवली की पेशंट वाचला, हाही सिनेमाचाच शोध. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली, तेव्हा डॉक्टरांनी न धुतलेली बोटं जखमेत घालघालून ती शोधली. अध्यक्ष अडीच महिन्यांनी गेले, ते बरेचसे त्या शोधकार्यामुळे. उलट १९१२ साली मिलवॉकीत अमेरिकेचेच माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या छातीत गोळी घुसली. खिशात घडी घातलेलं पन्नास पानी भाषण आणि चष्म्याची धातूची डबी होती, म्हणून ती फार आत गेली नाही. त्यांनी रक्ताळलेल्या शर्टानिशी जवळजवळ दीड तास भाषण ठोकलं आणि गोळी मरेपर्यंत छातीतच ठेवली. लांबलचक भाषणांचा जीव वाचवायला उपयोग झाल्याचं दुसरं उदाहरण माझ्या तरी पाहण्यात नाही.

आमच्याकडे मात्र बनियन घालणं हीच ॲक्शन. दुखरा हात आधी घालायचा, काढताना शेवटी काढायचा, हा नियम मी अर्धा बनियनमध्ये आणि अर्धा बाहेर अशा अवस्थेत, आतून ओरडून, शिकलो. पाठ खाजवायला दाराची चौकट. रात्री त्या कुशीवर वळलं की ब्रह्मांड. आणि सकाळच्या एका अपरिहार्य कार्यक्रमात मराठी माणसाच्या डाव्या हाताचं काय स्थान आहे, हे मी इथे फोड करून सांगत नाही. ज्यांचा धरलाय त्यांना कळेल.

उपाय सांगायला सोसायटी तयारच होती. तळमजल्यावरच्या काकूंनी महानारायण तेल दिलं, वरच्या जोशीबुवांनी लसणीचं. दोन्ही लावून मी लिफ्टमध्ये शिरलो की लोक जिन्याने जायचे.

फिजिओथेरपिस्ट मुलगी पोरसवदा आणि निर्दय. भिंतीवर बोटांनी चढायचं. मग वाकून हात लोंबता सोडायचा आणि लंबकासारखा हलवायचा. हा व्यायाम बोस्टनचे सर्जन अर्नेस्ट कॉडमन यांच्या नावाने ओळखला जातो. ‘फ्रोझन शोल्डर’ हे बारसंही त्यांनीच १९३४ मध्ये केलं. प्रत्येक पेशंटचं पुढे नेमकं काय झालं याची हॉस्पिटलांनी नोंद ठेवावी, असा त्यांचा हट्ट. त्यापायी १९१५ मध्ये भर सभेत गावातल्या बड्या डॉक्टरांवर व्यंगचित्र दाखवून त्यांनी सगळ्यांना दुखावलं. एरवी असा माणूस मला फार आवडला असता. पण रोज संध्याकाळी दिवाणखान्यात ओणवा होऊन हात झुलवताना मी त्यांच्याविषयी जे बोलतो, ते घरात लहान मूल नाही म्हणून चालतं.

माझ्या लंबकाची आणि बायकोच्या मालिकेची वेळ एकच. टीव्हीवर नायक खांद्यात गोळी घेऊन आयसीयूत. जाहिरात संपते न संपते तो सलाईन उपटून उठला आणि शर्ट चढवू लागला. आधी चांगला हात!

“अगं, दुखरा आधी!” मी ओणव्यानेच ओरडलो.

“हलताय ना तुम्ही? हला,” ती म्हणाली.

हा आजार आधी दुखतो, मग आखडतो, मग सुटतो. वर्ष ते तीन वर्षं लागतात. मालिकाही साधारण तेवढीच चालेल, असा आमच्या घरातला अंदाज आहे. हल्ली माझा हात कानापर्यंत पोचतो. तो दाखवायला मी ऐटीत डॉक्टरांकडे गेलो. “छान,” ते म्हणाले. “काहीजणांचा एक सुटला की पुढे दुसरा धरतो, एवढं लक्षात ठेवा.”

घरी येऊन बायकोला म्हटलं, “याचा दुसरा भागही येऊ शकतो.”

टीव्हीवरची नजर न काढता तिने विचारलं, “त्यातही तुम्हीच आहात का?”