‘कन्सोल तोट्यातच विकतात’ : कोणता, कधी आणि किती?

नवा गेमिंग कन्सोल, म्हणजे खास गेम खेळायचं यंत्र, आला की एक मजकूर हमखास फिरायला लागतो. त्याचा गाभा असा : प्रत्येक कन्सोल तोट्यात विकला जातो, तो तोटा एक-दोन गेममध्ये वसूल होतो, पुढे सुटे भाग स्वस्त झाले की नफा आपोआप सुरू होतो आणि भारतातल्या गिऱ्हाइकालाही ही सवलत मिळते. थोडक्यात, आवळा देऊन कोहळा काढणं. यातलं एकेक विधान कुठल्यातरी कन्सोलबाबत, कुठल्यातरी महिन्यात खरं होतं. सरसकट मात्र एकही टिकत नाही.

‘प्रत्येक कन्सोल तोट्यात विकला जातो.’

निन्टेन्डो या जपानी कंपनीचा ‘वी’ हा कन्सोल नोव्हेंबर २००६ मध्ये अमेरिकेत २४९.९९ डॉलरला आला आणि सुरुवातीपासून नफ्यात होता. हार्ड डिस्क नाही, एचडी चित्र नाही, आतला आराखडा कंपनीच्याच गेमक्यूब या जुन्या कन्सोलवर बेतलेला. तोटा यायचा कुठून? तिच्याच २०१७ च्या ‘स्विच’ कन्सोलबद्दलही तो तोट्यात विकणार नाही, असं कंपनीने आधीच सांगितलं होतं.

पण म्हणून निन्टेन्डोचं हे धोरणच आहे, असं समजणंही चूक. २०११ मध्ये तिचा थ्रीडीएस हा हातात धरून खेळायचा कन्सोल खपेना, तेव्हा जपानमधली किंमत सहा महिन्यांच्या आत २५,००० येनवरून १५,००० वर आणली आणि प्रत्येक नग आतबट्ट्याचा झाला. दुसऱ्या टोकाला एक्सबॉक्स बनवणारी मायक्रोसॉफ्ट. एपिक ही गेम बनवणारी कंपनी विरुद्ध ॲपल या खटल्यात, मे २०२१ मध्ये, एक्सबॉक्सच्या विक्रीवर कंपनीने कधीच नफा कमावला नाही, अशी साक्ष तिच्याच अधिकाऱ्याने दिली.

‘कन्सोल उघडून भागांची किंमत मोजली की तोटा कळतो.’

इथे सगळ्यात जास्त घोटाळा होतो. आयसप्लाय या संस्थेने २००६ मध्ये सोनीचा प्लेस्टेशन ३ कन्सोल उघडून अंदाज काढला : ६० जीबीच्या मॉडेलचा खर्च ८४०.३५ डॉलर, विक्री ५९९ ला. २० जीबीचा खर्च ८०५.८५, विक्री ४९९ ला. वजाबाकी करून २४१ आणि ३०६ डॉलर तोटा, हे आकडे आजही फिरतात. पण तो खर्च फक्त भागांचा आणि जुळणीचा होता. कंट्रोलर, वायरी, खोका त्यात नव्हते. शिवाय ५९९ डॉलर सोनीच्या गल्ल्यात जातच नाहीत, दुकानदार आपलं मार्जिन आधी काढून घेतो. खरी खोट त्या वजाबाकीपेक्षा मोठीच होती.

उलट चूक प्लेस्टेशन ४ च्या वेळी झाली. आयएचएस या अशाच संस्थेचा खर्चाचा अंदाज ३८१ डॉलर, किंमत ३९९. लगेच ‘१८ डॉलर नफा’ असे मथळे आले. त्या १८ डॉलरमध्ये दुकानदार, जहाजभाडं आणि वॉरंटी बसवून दाखवा.

हिशेब करायचाच असेल तर क्रम असा धरावा : छापील किमतीतून आधी कर वजा, मग दुकानदाराचं मार्जिन, वाहतूक आणि आयात शुल्क, त्यानंतर भाग नि जुळणी, आणि शेवटी वॉरंटीची तरतूद. संशोधनाचा खर्च यात येत नाही, तो वेगळा मांडावा लागतो. वॉरंटी लोक हमखास विसरतात. एक्सबॉक्स ३६० गरम होऊन त्यातली सोल्डरची जोडणी तडकायची आणि समोर लाल दिवे लागायचे. जुलै २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्यासाठी वॉरंटी तीन वर्षांची केली आणि शंभर कोटी डॉलरहून अधिक रक्कम बाजूला काढली. तोवर दुकानांकडे गेलेल्या सव्वा कोटीच्या आतल्या नगांवर ती वाटली तर नगामागे साधारण ९० डॉलर पडतात. भाग मोजणाऱ्याच्या तक्त्यात ही ओळ दिसतच नाही.

‘एक-दोन गेम विकले की तोटा भरून येतो.’

बाहेरच्या कंपनीचा ७० डॉलरचा गेम कन्सोलच्या ऑनलाइन दुकानातून घेतला तर कन्सोलवाल्याला नेहमीच्या ३० टक्क्यांनी २१ डॉलर मिळतात. कन्सोलमागे १५० डॉलर तोटा असेल तर सात गेम घेऊनही तो पुरता भरत नाही, आठवा लागतो. सेलमध्ये निम्म्या भावात घेतला तर साडेदहा डॉलर. जुनी डिस्क मित्राकडून घेतली तर शून्य. स्वतःच्या गेमवर जास्त सुटतात खरे, पण तो बनवायचा खर्चही स्वतःचाच.

आणि गेम घेतलेच नाहीत तर? अमेरिकी हवाई दलाने सतराशेहून अधिक प्लेस्टेशन ३ एकत्र जोडून २०१० मध्ये महासंगणक उभा केला. इतकी गणनशक्ती त्या पैशात दुसरीकडे मिळत नव्हती, आणि त्यांवर गेम एकही विकला जाणार नव्हता.

एका गेममध्ये वसुली खरंच झाली ती ‘वी यू’मध्ये, म्हणजे वीच्या पुढच्या कन्सोलमध्ये. २०१२ साली निन्टेन्डोच्या अमेरिकी प्रमुखांनी तसं सांगितलंही होतं. तरी तो बुडाला. वी दहा कोटींवर खपला होता, वी यू अडकला १ कोटी ३५ लाखांच्या आसपास. नगामागची वसुली जमली, नगच कमी पडले.

‘भाग स्वस्त होतात, तोटा आपोआप संपतो.’

आपोआप काहीच होत नाही. पहिल्या एक्सबॉक्समध्ये (२००१) इंटेलचा प्रोसेसर, एनव्हिडियाची ग्राफिक्स चिप आणि हार्ड डिस्क होती. चिपा विकत घेतलेल्या, त्यामुळे त्या दुसऱ्या कारखान्यातून स्वस्तात बनवून घेता येईनात. एनव्हिडियाशी भावावरून वाद लवादापर्यंत गेला. हार्ड डिस्कला मोटर, हेड आणि तबकडी लागतेच, म्हणून तिची क्षमता वाढते पण किंमत एका पातळीखाली जात नाही. पुढच्या ३६० मध्ये या दोन्ही चुका सुधारल्या : चिपांच्या आराखड्यांचे हक्क स्वतःकडे आणि स्वस्त मॉडेलमध्ये हार्ड डिस्कच नाही.

सोनीने प्लेस्टेशन ३ अक्षरशः सोलला. प्लेस्टेशन २ चे गेम चालवणाऱ्या चिपा काढल्या, कार्ड रीडर काढला, यूएसबीची चारपैकी दोन तोंडं बंद केली, ‘सेल’ नावाचा प्रोसेसर ९० नॅनोमीटरवरून ६५ आणि मग ४५ वर आणला, म्हणजे चिप लहान आणि स्वस्त केली. तेव्हा कुठे २००९ चं ‘स्लिम’ मॉडेल २९९ डॉलरला आणता आलं. प्लेस्टेशन ५ चं वजनही असंच उतरलं : ४.५ किलो, मग ४.२, मग ३.९. त्यातला मोठा वाटा उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूचा.

‘भारतातल्या गिऱ्हाइकालाही कंपनी सवलत देते.’

फेब्रुवारी २०२१ मध्ये डिस्कवाला प्लेस्टेशन ५ इथे ४९,९९० रुपयांना आला. त्यात २८ टक्के जीएसटी धरलेला, म्हणजे १०,९३५ रुपये कर आणि ३९,०५५ मूळ. अमेरिकेतले ४९९ डॉलर कर सोडून असतात. तेव्हाच्या ७३ रुपयांच्या दराने साधारण ३६,४००. फरक उरला अडीच हजारांच्या थोडा वर, आणि त्यातूनच आयात शुल्क भागवायचं. म्हणजे छापील किंमत बघून ‘इथे लुटतात’ म्हणता येत नाही, तसं ‘इथे वाटतात’ असंही म्हणता येत नाही.

४९९ डॉलरचं मॉडेल आता तोट्यात विकत नाही, असं सोनीने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलं. त्यानंतर सव्वा वर्षाने, नोव्हेंबर २०२२ मध्ये, आपल्याकडे तेच मॉडेल ५४,९९० रुपयांचं झालं.