रविवारची राइड आणि रात्रीचा सराव विसरू नका
लेखात २०२७च्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या फ्रान्समधल्या लांब पल्ल्याच्या सायकल राइडसाठी दर आठवड्याला किलोमीटर वाढवत न्यायचा तक्ता दिलाय. तक्ता चांगलाच आहे, पण १२०० किमी ९० तासांत करायचे तर खरा कस दुसऱ्या दिवशी लागतो. शनिवारी मोठी राइड झाली की रविवारी पहाटे, पाय जड असतानाच, पुन्हा तीन-चार तास सायकल काढायलाच हवी. रात्रीच्या राइडबद्दल तर चकार शब्द नाही! ६०० किमीच्या बीआरएमला (पात्रतेसाठी ठरलेल्या वेळेत पुरी करायची राइड) रात्र चुकत नाही. दिव्याची बॅटरी किती पुरते, पहाटे तीनला पोटात काय टिकतं (मला एनर्जी जेल नकोसे होतात, दहीभात मात्र जातो), हे घरच्या रस्त्यांवरच तपासून घ्या. आणि दर चौथा आठवडा हलका ठेवाच, गुडघे तेव्हाच सावरतात.