गच्चीची किल्ली आणि कुरडयांचा वाद

एप्रिल लागला की मराठी पुरवण्यांत आणि नातेवाइकांच्या ग्रुपांवर एक वाद ठरल्यासारखा सुरू होतो. एक बाजू हळहळते की घरची वाळवणं संपली, मुलं शिबिरांत आणि क्लासांत अडकली, उन्हाळ्याची सुट्टी नावालाच उरली. दुसरी बाजू म्हणते, संपली ते बरंच झालं. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात बायकांनीच का राबायचं, पापड-कुरडया दुकानात मिळतात. जर्मनीत राहून हा वाद वाचताना दोन्ही बाजूंचं म्हणणं पटतं. पण जागा कुठे आहे, वेळ कुणाकडे आहे आणि हात किती आहेत, हे प्रश्न दोघीही टाळतात. उन्हाळ्याची साधी मजा या तीन गोष्टींवरच उभी असते.

हातांचा हिशेब कुरडईइतका स्पष्ट दुसरं काही सांगत नाही. एक किलो गहू तीन दिवस भिजतात, पाणी रोज बदलायचं. चौथ्या दिवशी वाटून, पिळून, गाळून चीक काढायचा आणि रात्रभर निवळू द्यायचा. सकाळी वरचं पिवळसर पाणी ओतून टाकायचं, खाली बसलेला चीक भांड्याने मोजायचा आणि तेवढंच पाणी मीठ-हिंग घालून उकळत ठेवायचं. आता एकाने चीक बारीक धारेने सोडायचा आणि त्याच वेळी दुसऱ्याने तळापासून सतत ढवळायचं. हात थांबला की गुठळ्या होतात. चीक पारदर्शक दिसेपर्यंत वाफ आली पाहिजे. कच्चा राहिला तर वाळताना कुरडईचे तुकडे पडतात. शिजला की तो गरम असतानाच सोऱ्यातून उतरायला हवा, कारण निवला की दट्ट्या हलत नाही. म्हणजे एक ढवळणारा, एक सोऱ्या भरणारा, एक कुरडया घालणारा आणि एक चादरी पसरून पाखरं राखणारा. चार माणसांचं काम एकटीवर पडलं की ते छळच असतं, आणि ‘बरं झालं संपलं’ म्हणणाऱ्यांचा राग तिथूनच येतो. चौघं असली तर तेच काम साडेनवाच्या आत संपतं आणि गरम चीक तूप-साखर घालून खायलाही वेळ उरतो.

विकतच्या पापडांबद्दल अपराधी वाटून घ्यायचं कारण मला दिसत नाही. लिज्जतची सुरुवात 15 मार्च 1959 रोजी गिरगावात सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन केली, तीही एका जुन्या इमारतीच्या गच्चीवर. बचत गटाकडून पापड घेणं म्हणजे कष्टाला मोल देणं. उडदाचे पापड, शेवया विकतच घ्याव्यात. घरी दर उन्हाळ्याला एकच पदार्थ निवडावा, आणि तो चार जणांशिवाय करू नये.

जागेच्या बाबतीत जर्मनांकडून शिकण्यासारखं बरंच आहे. इथल्या शहरांत फ्लॅटवाल्यांना भाड्याने मिळणाऱ्या छोट्या बागा असतात, त्यांना बोलीत श्रेबरगार्टन म्हणतात. 1865 मध्ये लायप्झिगला शहरातल्या मुलांना खेळायला मैदान हवं म्हणून ही कल्पना सुरू झाली. भाजीचे वाफे नंतर आले. 1983 च्या कायद्यानुसार अशी बाग साधारणपणे 400 चौरस मीटरपेक्षा मोठी नसावी आणि तिच्यातली झोपडी ओसरीसकट 24 चौरस मीटरच्या आत असावी. मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते असं, की बहुतेक बाग-संघटना प्रत्येक सभासदाकडून वर्षातले काही तास सामाईक कामासाठी मागतात. पुरुष असो वा बाई, तास भरले नाहीत तर पैसे भरावे लागतात. कुणी किती राबलं ते वहीत लिहिलेलं असतं. आपल्याकडे वाळवणाच्या आठवणी पुष्कळ लिहिल्या जातात. ही वही मात्र कुणी ठेवली नाही.

अशा बागांत मराठी मित्रमंडळी जमतात तेव्हा पहिलं काम असतं होलुंडरच्या, म्हणजे इंग्रजीत एल्डर म्हणतात त्या झुडपाच्या, फुलांचं सरबत. मेच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत ही पांढरी झुपकेदार फुलं येतात. कोरड्या दिवशी, दव उडाल्यावर पंचवीसेक झुपके तोडायचे. ते धुवायचे नाहीत, कारण वास परागांत असतो. नुसते झटकून किडे काढायचे. हिरवे देठ कात्रीने काढून टाकायचे. या झाडाचे देठ, पानं आणि कच्ची फळं बाधतात. दीड लिटर पाण्यात दीड किलो साखर उकळून, निववून, त्यात फुलं, दोन लिंबांच्या चकत्या आणि चाळीस ग्रॅम सायट्रिक आम्ल घालायचं. झाकून दोन-तीन दिवस गार जागी ठेवायचं, गाळायचं, पुन्हा उकळी आणून उकळत्या पाण्यातून काढलेल्या बाटल्यांत गरमच भरायचं. साखर किंवा आंबट कमी केलं तर ते आंबतं आणि बंद बाटली फुटू शकते. एक सावधगिरी: होलुंडरचा एक विषारी भाऊबंद आहे. तो लाकडी झुडूप नसतो, जमिनीतून सरळ दांड्यावर उभा असतो आणि त्याच्या फुलातले परागकोश लालसर असतात. झाडाला लाकडी फांदी दिसली नाही तर हात लावू नये.

दुसरं काम साबुदाणा-बटाट्याच्या चकल्यांचं. अर्धा किलो साबुदाणा रात्रभर भिजवून वाफवायचा, एक किलो उकडलेला बटाटा किसून त्यात मळायचा, जिरं, तिखट आणि मीठ घालायचं. मीठ ओल्या पिठाला कमीच लागलं पाहिजे, वाळल्यावर खारटपणा चढतो. बटाट्याची जात महत्त्वाची. जर्मन पिशव्यांवर तीनपैकी एका रंगाची पट्टी असते: हिरवी म्हणजे चिकट, लाल म्हणजे मधला, निळी म्हणजे पिठूळ. इथे निळीच घ्यावी. आणि बटाटे फ्रीजमध्ये ठेवू नयेत. थंडीत स्टार्चची साखर होते, मग तळताना चकली आत तळायच्या आधी बाहेरून तांबडी आणि कडवट होते. पुण्यात शीतगृहातले बटाटे आणले तर तिथेही हेच होतं.

जूनमध्ये इथे सोळा तास उजेड असतो, पण ऊन तिरकं आणि हवा दमट. पुण्यात दोन दिवसांत वाळणारं इथे चार दिवस घेतं. कपडे वाळत घालायच्या आडव्या स्टँडवर मच्छरदाणीचं कापड ताणून त्यावर चकल्या घालाव्यात, म्हणजे खालूनही वारा लागतो. दव पडायच्या आत, संध्याकाळी सहा वाजता, आत आणाव्यात. पाऊस आला तर पंख्याच्या ओव्हनमध्ये 50 अंशांवर, दारात लाकडी चमचा अडकवून फट ठेवून वाळवाव्यात, वाफ बाहेर पडते. घाईने 80 अंश केले तर बाहेरून कडक कवच येतं, आत ओल राहते आणि डब्यात बुरशी धरते.

वाळेपर्यंत हातात गोधडी घ्यावी. जर्मन एकेरी पांघरुणाचा अभ्रा 135 बाय 200 सेंटिमीटरचा असतो, म्हणजे गोधडीच्या मापाचाच. दोन जुने सुती अभ्रे उसवले की चार थर मिळतात, वर-खाली जुनी सुती साडी. सगळं आधी धुतलेलं हवं. नवं कापड पहिल्या धुण्यात आटतं आणि गोधडी गोळा होते. नायलॉनची साडी मध्ये घातली तर थर सरकतात. मोठ्या टाक्यांनी कच्चं जोडून घ्यावं, मग कडेपासून आत, चौकोनी फेऱ्यांनी धावदोरा घालत जावं. चार बाजूंना चार जण बसले तर टाक्यांची लांबी वेगवेगळी येते. ती येऊ द्यावी.

हे सगळं इथे जमतं ते जर्मन लोक आपल्यापेक्षा रसिक आहेत म्हणून नव्हे. पाच दिवसांच्या आठवड्याला वर्षाला किमान वीस दिवसांची पगारी रजा कायद्याने मिळते आणि रविवारी दुकानं बंद असतात. पुण्या-मुंबईत, दोन तास प्रवास करून घरी येणाऱ्या माणसाला ‘परंपरा जपा’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. रजेचा प्रश्न सोसायटीत सुटणार नाही. गच्चीचा सुटू शकतो. अनेक इमारतींत गच्ची सामाईक असूनही कुलूपबंद असते. गळती होईल, मुलं दंगा करतील, कुणी डाग पाडेल, अशी कारणं दिली जातात. गळतीची भीती असेल तर ताडपत्रीवर खाटा ठेवाव्यात, ओलं काम घरातच उरकावं. मुलांवर पाखरं राखायची जबाबदारी असली की दंग्याला वेळ उरत नाही.

समितीकडे मागणी नेमकी करावी: मेच्या पहिल्या दोन रविवारी पहाटे सहा ते साडेनऊ गच्ची उघडी, एका मजल्याची एक जबाबदार व्यक्ती, आणि कामाची वही. चीक ढवळायचं काम, ज्याला अर्धा तास दंडात जोर लागतो, वहीत पुरुषांच्या नावे लिहावं. विदर्भात साडेआठलाच आवरावं आणि वाळवण उचलायला ऊन कलल्यावरच वर जावं. रविवारी चीक शिजवायचा तर गहू बुधवारी सकाळी भिजत पडायला हवेत, म्हणजे किल्लीचा होकार मंगळवारी रात्रीपर्यंत मिळायला हवा.