चोर सोडून संन्याशाला

माझ्या डिझेल गाडीच्या डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा आहे. तो इंजिनाच्या आकाराचा आहे म्हणतात. मला तो आजवर नळ बसवलेल्या पाणबुडीसारखाच दिसत आलाय. गेले काही महिने मी गाडीतून उतरून घरात पाऊल टाकलं की पहिला प्रश्न असायचा, "लागला?" काय, ते विचारावं लागत नसे.

पहिल्यांदा लागला तेव्हा मी चढावर होतो आणि मागे ट्रक होता. ॲक्सिलरेटर पार तळाला टेकवला, तरी गाडीचं आपलं 'बघते, सवडीने कळवते'. याला लिंप मोड म्हणतात, हे ज्ञान नंतरचं. काहीतरी बिनसलंय असा संशय आला की गाडीतला संगणक इंजिन सांभाळायला ताकदच छाटून टाकतो. मागच्या ट्रकवाल्याला हे कुणी सांगायचं? तो हॉर्नने आपलं मत मांडत राहिला.

गॅरेजात स्कॅनर लावला. कोड आला पी-०४०१. म्हणजे ईजीआरचा प्रवाह अपुरा.

हा ईजीआर म्हणजे इंजिनाने टाकलेला धूर थोडा परत इंजिनालाच पाजायची सोय. हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो आणि एरवी तो कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण सिलिंडरमधलं तापमान फार चढलं की त्याची ऑक्सिजनशी सोयरीक जुळते आणि विषारी ऑक्साइडं जन्माला येतात. धुरात ऑक्सिजन कमी. हा धूर हवेत थोडा मिसळला की आतली आग जरा नरमते आणि लग्न टळतं. धूर किती सोडायचा ते ठरवणारं दार म्हणजे ईजीआर व्हॉल्व्ह. योजना उदात्त आहे, वाद नाही. पण डिझेलच्या धुरात काजळी असते, इंजिनाच्या पोटातून, म्हणजे क्रँककेसकडून, तेलाची वाफ येते आणि या दोघींची गाठ पडली की थेट डांबरच होतं. त्यात माझ्यासारखा माणूस रोज दोन-दोन किलोमीटर गाडी फिरवणारा. इंजिन धड तापायच्या आत घर येतं.

"साहेब, वॉल जाम झालाय," मेकॅनिक म्हणाला. खोलून दाखवला तेव्हा मला खरंच लाज वाटली. बोटभर जाडीची काळी साय, खरवडली की चिकट पापुद्रे निघत होते. क्लीनरच्या फवाऱ्याने तो असा लख्ख झाला की आरोपी गुन्ह्यासकट धुऊन निघाला असं वाटलं.

अकरा दिवसांनी दिवा लागला. व्हॉल्व्ह पुन्हा खोलला. या वेळी तो जवळजवळ स्वच्छ होता, तरी आम्ही तो धुतला. आलोच आहोत तर, या न्यायाने. मग नऊ दिवस. मग मी छातीवर दगड ठेवून नवा व्हॉल्व्ह बसवला आणि सतरा दिवस राजासारखा फिरलो. अठराव्या दिवशी पाणबुडी वर आली.

"अहो," बायको म्हणाली, "दर वेळी तो बिचारा निर्दोष सुटतो आणि तुम्ही परत त्यालाच उचलून नेता."

ती सहज बोलून गेली, पण मला ते लागलं. मी एक छोटा स्कॅनर आणला, स्टिअरिंगखालच्या सॉकेटात खुपसला आणि फोनवर आकडे बघत बसलो. (गाडी उभी असताना. चालत्या गाडीत बघायचं काम बायकोकडे होतं आणि ती आकडे क्रिकेटच्या धावसंख्येसारखे ओरडून सांगायची.) तेव्हा उलगडलं की माझ्या गाडीचा संगणक धूर मोजतच नाही. तो मोजतो आत येणारी ताजी हवा. व्हॉल्व्ह उघडला की धूर जागा अडवणार, मग ताजी हवा तेवढी कमी यायला हवी. आली नाही, की ठोक शिक्का: प्रवाह अपुरा. सगळा परिस्थितीजन्य पुरावा! त्याने व्हॉल्व्हचं नाव घेतलंच नव्हतं, ते आम्हीच घेतलं.

माझा व्हॉल्व्ह व्हॅक्यूमवर, म्हणजे पंपाने हवा ओढून केलेल्या पोकळीच्या जोरावर, उघडतो. पंपापासून सोलेनॉइड (ही ओढ सोडणारा-अडवणारा विजेवरचा नळ) आणि तिथून व्हॉल्व्हपर्यंत बारीक रबरी पाइप जातात. एका रविवारी मी टॉर्च तोंडात धरून एकेक पाइप चाचपत गेलो. शेवटचा, करंगळीहून बारीक, व्हॉल्व्हच्या मागून वळसा घेणारा. सरळ धरला तर अगदी सज्जन. वाकवला तशी वळणावर एक चीर उघडली आणि माझ्याकडे बघून हसली.

दर वेळी व्हॉल्व्ह खोलताना हा पाइप काढावा लागे. परत बसवताना तो थोडा फिरून बसे, चीर मिटे आणि आम्ही म्हणायचो, साफसफाईचा गुण आला. मग इंजिनाच्या उष्णतेने रबर मऊ पडायचं, पाइप आपल्या जुन्या वळणावर जायचा, चीर उघडायची, व्हॅक्यूम गळायचा आणि व्हॉल्व्ह उघडायचाच नाही.

वीतभर नवा पाइप बसवला. कात्री शोधण्यात जास्त वेळ गेला. मेकॅनिकला जुना तुकडा नेऊन दाखवला, तर तो वाकवून बघत म्हणाला, "मला पहिल्या दिवशीच डाउट होता साहेब."

दिवा त्यानंतर लागलेला नाही. जुना व्हॉल्व्ह मी फडक्यात गुंडाळून मांडणीवर ठेवलाय. परवा मुलीने तो उलटापालटा करून पाहिला आणि विचारलं, "बाबा, हा तर चांगला आहे ना? मग काढला कशाला?"

मी गाडी पुसायला खाली गेलो.