वहीत जिभाऊ

अक्खाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, खान्देशात पत्ते खेळणाऱ्याला कुणी नावं ठेवत नाही. बाया झोक्यावर गाणी म्हणतात, माहेरवाशिणी आमरसावर ताव मारतात आणि गडीमाणसं ओट्यावर, पारावर, खळ्यात, जिथे सावली सापडेल तिथे सतरंजी टाकून पत्ते कुटतात. वर्षभर भजनात टाळ धरणारे आबासुद्धा त्या दिवशी ब्लाइंड खेळतात. कायद्याचं म्हणणं वेगळं आहे, पण सतरंजीवर त्याला कुणी विचारत नाही. अशा मुलखात मी पोकरचा अभ्यास करतो म्हटल्यावर थोडं कौतुक व्हायला हरकत नव्हती. पण आमच्याकडे खेळणारा चालतो, वही घेऊन बसणारा चालत नाही. बायकोने माहेरी फोन करून सांगितलं, ‘हे हल्ली रात्री दिवा लावून पत्ते वाचतात.’ पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही.

पैसे लावून ऑनलाइन खेळायची सोय २०२५च्या केंद्राच्या कायद्याने बंद केली. तेव्हापासून माझा अभ्यास शुद्ध ज्ञानासाठी आहे, आणि घरच्यांना नेमकी त्याचीच जास्त काळजी वाटते.

पोकरमध्ये सुरुवातीला हातात दोनच पानं येतात, बाकीची सगळ्यांसाठी मधे एकेक करून उघडतात. हातातल्या दोन पानांच्या जोड्या १,३२६; रंगांचा घोळ काढून टाकला तर उरतात १६९. हे सगळं शिकायचं म्हणजे फार काही नाही, फक्त बहुतेक जोड्या फेकायला शिकायचं. नवशिका फुल हाउस आणि चार एक्क्यांच्या लढाया अभ्यासतो, ज्या वर्षातून एखाद्या वेळी होतात. फेकायचं की खेळायचं हा प्रश्न मात्र दर डावाला येतो, म्हणून आधी तोच पक्का करायचा. मी तो केला आणि तीनपत्तीवाल्या मंडळींना पोकर शिकवून गावात बसलो. पहिल्या तासात मी बहुतेक डाव फेकले. जिभाऊंनी पानं पिसताना विचारलं, ‘काय करी ऱ्हायना रे भो? फेकालेच उना का?’

त्यात रंग (सगळी पानं एकाच रंगाची) आणि सिक्वेन्स (ओळीने येणारी पानं) यांचं भांडण निघालं. तीनपत्तीत सिक्वेन्स वर, रंग खाली. पोकरमध्ये उलट. नाना म्हणाले, हे शहरातलं खूळ. मी वही उघडली. तीन पानांचे २२,१०० हात होतात. त्यांत नुसते सिक्वेन्स ७२० आणि नुसते रंग १,०९६. म्हणून तिथे सिक्वेन्स दुर्मीळ, म्हणून मोठा. पाच पानं घेतली की रंग ५,१०८ आणि सिक्वेन्स १०,२००, म्हणजे पारडं फिरलं. जे कमी वेळा येतं ते वर. नानांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ‘मग माझा सिक्वेन्स जिंकला का?’

पैशाऐवजी आम्ही शेंगदाणे लावत होतो. इथे माझ्या पॉट ऑड्सची, म्हणजे मधल्या ढिगासाठी किती लावणं परवडतं त्या हिशेबाची, वाट लागली. समजा मधे वीस दाणे आहेत, समोरच्याने दहा टाकले आणि मला दहा देऊन बघायचंय. म्हणजे चाळिसातले दहा माझे. शंभरातून पंचवीस वेळा तरी जिंकलो तर बघणं परवडतं. माझ्याकडे चार बदाम, शेवटचं एकच पान उघडायचं बाकी. न दिसलेल्या ४६ पानांत ९ बदाम, म्हणजे शंभरात जेमतेम वीस. फेकायला हवं. पण हा हिशेब होईपर्यंत नानांनी मधल्या ढिगातले सहा-सात दाणे तोंडात टाकलेले असत आणि गणित पहिल्यापासून मांडावं लागे. एकदा तर पत्ते उघडेपर्यंत ढीगच संपला आणि जिंकलेल्या माणसाला पाणी देण्यात आलं. शेवटी चिंचोके आणले.

अभ्यासाचा सगळ्यात अवघड धडा पत्त्यांचा नाहीच. बरोबर खेळूनही हरता येतं, हे मनाला पटवणं अवघड. हातात एक्क्यांची जोडी, समोरच्याकडे बादशहांची, सगळे चिंचोके मधे; तरीही शंभरातले साधारण अठरा डाव बादशहावाला नेतो. त्या रात्री वहीत ‘हरलो, पण निर्णय बरोबर’ असं लिहायचं असतं. मी लिहिलं. बायकोने वाचलं. ‘बरोबर खेळून हरताय ना? मग उद्या चुकीचं खेळून बघा.’ हे फक्त जिभाऊंना एका दमात समजलं. त्यांची जमीन कोरडवाहू, पीक कपाशीचं. म्हणाले, ‘पेरणी बरोबर व्हती, पाऊस चुकना.’ एवढ्या वाक्यासाठी लोक जाड जाड पुस्तकं वाचतात.

पुढचा मुक्काम सॉल्व्हर. हा कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम अशी खेळी काढतो की समोरच्याला तुमच्यात शोधूनही फट सापडू नये. त्याचं उत्तर बऱ्याचदा सरळ नसतं: इथे शंभरातून साठ वेळा चाल करा, चाळीस वेळा गप्प बसा. आता ही कुठली वेळ हे माणसाने कसं ठरवायचं? जाणकार घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे बघतात. छत्तीसच्या आत असेल तर चाल, नाहीतर गप्प. मी मनगटाकडे बघू लागलो. पहिल्यांदा वहिनीने ताटं वाढायला घेतली, तिला वाटलं मला भूक लागली. दुसऱ्यांदा जिभाऊ मिशीत हसले. घड्याळात मी फक्त अडचणीच्या डावातच बघतो, हे चांगलं पान आल्यावर न बघितल्यामुळे त्यांना कळलं होतं.

पण खरा अभ्यास म्हणजे समोरच्या माणसांचा. कोण कधी चाल करतो, कोण बघायलाच बसतो, कोण पत्ते हातात आले की मांडी बदलतो, ते रोज लिहायचं. पत्ते न उघडता डाव संपला की मी विचारायचो, ‘जिभाऊ, काय होतं तुमच्याकडे?’ ते पानं गड्डीत सरकवत म्हणायचे, ‘पैसा टाक, मंग दखाडस.’ तरीही निरीक्षणावर मी त्यांचं पान भरून काढलं होतं.

उन्हाची तिरीप ओट्यावर आली तसे आम्ही आत सरकलो. मी पाणी प्यायला उठलो आणि वही सतरंजीवरच राहिली. परत आलो तर जिभाऊ चष्मा लावून वाचत होते. त्यांच्या नावाखाली लिहिलं होतं: ‘सगळे चिंचोके लावले तर नक्की मोठं पान. फेकणे.’

त्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली. काही बोलले नाहीत. पुढच्याच डावात समोरचा अख्खा ढीग दोन्ही हातांनी मधे लोटला.

माझ्याकडे राण्यांची जोडी होती. पण लिहिलेलं आहे तर मानायला हवं. मी फेकली.

जिभाऊंनी कुणी न विचारता पानं उलटी केली. सत्ती आणि दुर्री, तीही वेगवेगळ्या रंगांची. पोकरमधला सगळ्यात भिकार हात.

‘लिखी ले, भो,’ ते म्हणाले.